सात चलनं आणि तेवढाच हप्ता

जुम्याची नमाज झाली की मशिदीबाहेर चपला शोधता शोधता आमच्याकडे जी बैठक भरते, तिचा विषय कोणी ठरवून आणत नाही. कधी महामार्गावरचे खड्डे, कधी कोणाचा व्हिसा, कधी कोणाच्या मुलीचे स्थळ. गेल्या महिन्यात चाचांनी खिशातून मोबाइल काढून आमच्यापुढे धरला. चाचा म्हणजे बावीस वर्षे कुवेतमध्ये ड्रायव्हरी करून परतलेले गृहस्थ. तिकडे एकदाही मोठा दंड भरला नाही, हे ते दर दुसऱ्या वाक्यात सांगतात आणि ते खरेही आहे.

मोबाइलवर सात चलनं होती. तीन हेल्मेट नसल्याची, दोन ट्रिपल सीटची, एक फोनवर बोलल्याचे आणि एक उलट्या दिशेने गाडी आणल्याचे. मोटारसायकल चाचांच्या मुलाच्या नावावर. मुलगा स्वतः सहा वर्षांपासून कुवेतमध्ये. गाडी फिरवतो पुतण्या. तो डोलवीच्या कारखान्यात एका ठेकेदाराकडे पाळीत कामाला आहे. मुलाचे इथले सिमकार्ड केव्हाच बंद पडलेले, त्यामुळे चलनाचे मेसेज कोणाला पोहोचलेच नाहीत. पॉलिसीची मुदत संपत आली म्हणून चाचा एजंटकडे गेले तेव्हा हे सगळे बाहेर पडले.

"मला वाटलं, आता हप्ता दुप्पट येणार," चाचा म्हणाले. "पोरगा म्हणाला, तिकडे तर एवढ्यात लायसन गेलं असतं. पण एजंट म्हणाला, चाचा, हप्ता तेवढाच, मागच्या वर्षीइतकाच. मग मला सांगा, सात चलनांनी बिघडलं काय?"

प्रश्न बरोबर होता. आम्ही त्या दिवशी दिलेले उत्तर अर्धवट होते, म्हणून हा महिना त्यावरच खर्च करत आहोत. आमच्या वाचकांपैकी निम्म्या घरांत तरी परदेशातल्या माणसाच्या नावावरची एखादी गाडी असेल आणि ती चालवणारा दुसराच कोणी असेल, असा आमचा अंदाज आहे.

आधी हप्त्याचे पाहू. गाडीच्या विम्यात दोन वेगळ्या गोष्टी एकाच कागदावर असतात. पहिली थर्ड पार्टी, म्हणजे आपल्या गाडीने दुसऱ्याचे नुकसान झाले तर त्याची भरपाई. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने ती सक्तीची केली आहे आणि तिचा दर कंपनी ठरवत नाही, सरकार ठरवते. १ जून २०२२ पासून लागू झालेल्या दरांत ७५ ते १५० सीसीच्या मोटारसायकलला वर्षाला ७१४ रुपये, १००० सीसीपर्यंतच्या खासगी कारला २,०९४ आणि १५०० सीसीपर्यंतच्या कारला ३,४१६ रुपये, जीएसटी वेगळा. गाडी हाजीसाहेब चालवोत की सात चलनवाला पुतण्या, हा आकडा सारखाच. दुसरा भाग आपल्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा. त्यात कंपनीला मोकळीक आहे, पण तिथेही आपल्याकडे मुख्यतः एकच गोष्ट बघतात, ती म्हणजे क्लेम केला की नाही. क्लेम न करता वर्ष गेले तर २० टक्के सूट, मग २५, ३५, ४५ आणि पाचव्या वर्षानंतर ५० टक्के. यालाच नो क्लेम बोनस म्हणतात. एक क्लेम केला की सगळी पायरी शून्यावर. चलन या हिशेबात कुठेच येत नाही.

बाहेरच्या मुलखात तसे नाही. संयुक्त अरब अमिरातीत लाल सिग्नल तोडला तर १,००० दिरहम दंड, वर १२ काळे गुण आणि गाडी ३० दिवस जप्त. असे २४ गुण जमले की लायसन निलंबित. आमच्या एका भाच्याने इंग्लंडात लायसन काढले तेव्हा त्याच्या विम्याचा आकडा ऐकून त्याच्या अम्मीला वाटले की त्याने गाडीच्याच किमतीचा आकडा सांगितला. तिथे तीन वर्षांत १२ गुण झाले की लायसनवर बंदी येते, आणि नव्या चालकाला पहिल्या दोन वर्षांत सहाच गुण पुरतात. विमा कंपनी गेल्या पाच वर्षांतला प्रत्येक गुन्हा विचारते. तो लपवला आणि नंतर सापडला तर पॉलिसीच रद्द होते. अमेरिकेत तर नशेत गाडी चालवून पकडलेल्या किंवा विम्याशिवाय सापडलेल्या माणसासाठी बहुतेक राज्यांत एसआर-२२ नावाचा कागद विमा कंपनीला सरकारकडे भरावा लागतो, साधारण तीन वर्षे. अशा माणसाला विमा देणाऱ्या कंपन्याच थोड्या, आणि त्या मागतील तो हप्ता त्याला द्यावा लागतो.

आपल्याकडेही हा विचार झाला आहे. विमा नियामकाने, म्हणजे इर्डाने, २०१९ मध्ये एक गट नेमला आणि जानेवारी २०२१ मध्ये त्याचा मसुदा आला. वाहतूक नियमभंगासाठी विम्यात एक वेगळा हप्ता जोडावा, असे त्यात सुचवले होते. नशेत गाडी चालवल्यास १०० गुण, चुकीच्या जागी गाडी लावल्यास १०, अशी उतरंड होती आणि प्रयोग दिल्लीतून सुरू करायचा होता. २०२४ मध्ये दिल्लीच्या नायब राज्यपालांनी अर्थमंत्र्यांना पत्र लिहून हीच मागणी पुन्हा केली. आपल्या पेण-रोह्याच्या पॉलिसीत ते अजून उतरलेले नाही. पण त्या मसुद्यातली एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. हा जादा हप्ता गाडी ज्याच्या नावावर आहे त्याने भरायचा होता, चालवणारा कोणीही असो.

तेव्हा एजंट खोटे बोलला नाही. हप्ता तेवढाच. चाचांनी विचारायला हवे होते ते वेगळेच, आणि ते आम्हालाही त्या जुम्याला सुचले नाही. विचारायचे हे, की उद्या काही झाले तर हा कागद उभा राहील का?

डोलवीचा रस्ता ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. मुंबई-गोवा महामार्गावर पेण सोडले की वडखळ येते. तिथून एक रस्ता अलिबागला फुटतो आणि सरळ गेले की डोलवी, गडब, कासू, आमटेम, मग नागोठणे. डाव्या हाताला भाताची शेते होती तेव्हापासूनचा हा रस्ता आम्हाला आठवतो. १९९० च्या दशकात इस्पातचा पोलाद कारखाना आला, २०१० च्या अखेरीस तो जेएसडब्ल्यूकडे गेला आणि वाढत वाढत धरमतर खाडीच्या जेट्टीपर्यंत पसरला. पनवेल ते इंदापूर चौपदरीकरण २०११ मध्ये सुरू झाले आणि त्यानंतर कितीतरी पावसाळे आम्ही हे काम बघतच काढले. आज या रस्त्यावर एका वेळी पोलादाच्या कॉइलचे ट्रेलर, गोव्याला निघालेल्या गाड्या, अलिबागचे शनिवार-रविवारवाले, मिनिडोर, म्हशी आणि पाळी सुटल्यावर सुसाट निघालेल्या शेकडो मोटारसायकली असतात. रात्रपाळी करून आलेल्या वीस-बावीस वर्षांच्या पोराला झोप आलेली असते आणि हेल्मेट मात्र आरशाला लटकलेले असते. आम्ही कोणाला दोष देत नाही. आमच्या घरातलाही एक असाच येतो.

या रस्त्यावर चलनाची खरी किंमत कशी वसूल होते ते पाहा.

हेल्मेट नसेल किंवा ट्रिपल सीट असेल तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर कायद्यात नुसता दंड नाही, तीन महिने लायसन अपात्र ठरवण्याचीही तरतूद आहे. सिग्नल तोडणे, अतिवेग, फोन, नशा या गोष्टींसाठी लायसन किमान तीन महिने निलंबित करा, असे सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या रस्ता सुरक्षा समितीने २०१५ मध्येच राज्यांना कळवले होते. प्रत्येक चलनामागे तसे घडते असे नाही. पण घडले आणि त्या तीन महिन्यांत पोरगा गाडी घेऊन निघाला, तर पहिला दंड १०,००० रुपयांचा. तो एक वेळ भरता येईल. पुढची गोष्ट भरता येत नाही. त्याच कायद्याच्या १५० व्या कलमात विमा कंपनीला काही बचाव दिलेले आहेत. चालकाकडे लायसन नव्हते, लायसन अपात्र ठरलेल्या काळात तो चालवत होता, किंवा तो नशेत होता, तर कंपनी न्यायाधिकरणापुढे सांगू शकते की अटीचा भंग झाला आहे.

मग जखमी माणसाचे किंवा मेलेल्याच्या बायको-पोरांचे काय? इथे न्यायालयांनी त्यांचा हात सोडलेला नाही. जानेवारी २००४ मध्ये स्वर्ण सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की कंपनीने आधी पीडिताला पैसे द्यावेत आणि मग मालकाकडून वसूल करावेत. वकील मंडळी याला 'पे अँड रिकव्हर' म्हणतात. ही वसुली जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी होऊ शकते, म्हणजे जिल्हाधिकाऱ्यांच्या दाखल्यावर. ज्या पट्ट्यात एक गुंठा विकला तर मुलीचे लग्न होते, तिथे या शब्दांचा अर्थ सांगायला नको. मालकाने आपल्या परीने लायसन बघून, खात्री करूनच गाडी दिली होती हे दिसले तर न्यायालय त्याला सांभाळूनही घेते. पण कुवेतमध्ये बसलेल्या माणसाने सहा वर्षांत पुतण्याचे लायसन कधी बघितले, हे त्याला सांगता आले पाहिजे.

रक्कम किती असते, तेही एकदा कागदावर मांडून बघा. आम्ही चाचांसमोर बिस्किटाच्या पुड्याच्या पाठीवर मांडली. समजा मोटारसायकलने तीस वर्षांचा एक मजूर गेला. महिना १५,००० कमावत होता, घरी बायको, दोन मुले आणि म्हातारे आई-वडील. वर्षाचे झाले १,८०,०००. चाळिशीच्या आतला असल्याने पुढे कमाई वाढली असती म्हणून त्यात ४० टक्के मिळवतात. झाले २,५२,०००. त्याच्या स्वतःच्या खर्चाचा चौथा हिस्सा वजा. उरले १,८९,०००. या वयाला न्यायालये १७ ने गुणतात. उत्तर ३२ लाख १३ हजार, आणि अंत्यविधी वगैरेची ठरलेली रक्कम वेगळी. २००९ च्या सरला वर्मा आणि २०१७ च्या प्रणय सेठी या निकालांपासून हिशेब असाच होतो. अलिबागच्या न्यायाधिकरणात कोणी मनाने आकडा ठरवत नाही.

चाचा बराच वेळ त्या पुड्याकडे बघत राहिले. ७१४ रुपयांच्या कागदामागे एवढी रक्कम उभी आहे, हे त्यांना कोणी असे सांगितलेच नव्हते. थर्ड पार्टीत मृत्यू किंवा जखमेच्या भरपाईला वरची मर्यादा नाही. मर्यादा आहे ती दुसऱ्याच्या मालमत्तेच्या नुकसानीला, कारसाठी साडेसात लाख आणि दुचाकीसाठी एक लाख. पण हा कागद उभा राहायला चालकाचे लायसन चालू लागते, आणि चलनांचा ढीग साचत गेला की पहिले संकट तिथेच येते.

आता चाचांच्या मुलाकडे येऊ. तो कुवेतमध्ये, गाडी त्याच्या नावावर. कायदा मालक कोणाला म्हणतो? आरसीवर ज्याचे नाव त्याला. फेब्रुवारी २०१८ मध्ये नवीनकुमार विरुद्ध विजयकुमार या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हे अगदी स्वच्छ केले. त्या प्रकरणात गाडी एकापाठोपाठ एक अशी चार हातांत विकली गेली होती, पण कागदावर पहिल्याचेच नाव राहिले होते. जबाबदारी पहिल्यावरच आली. मधल्या माणसांना शोधत फिरणे पीडिताचे काम नाही, असे न्यायालयाने म्हटले. आपल्या गावांत गाडी विकताना पैसे मोजतात, चावी देतात, चहा पितात आणि फॉर्म २९ व ३० वर सह्या करून तो कागद विकत घेणाऱ्याच्या खिशात देतात. तो पुढे आरटीओत जातो की नाही, कोणी विचारत नाही. विकणाऱ्याने राज्यातल्या राज्यात चौदा दिवसांत आरटीओला कळवायचे असते. विम्याचेही तसेच. थर्ड पार्टी नव्या मालकाकडे कायद्यानेच जाते, पण पॉलिसी आपल्या नावावर करून घ्यायला त्याने चौदा दिवसांत अर्ज करायचा असतो. आणि नो क्लेम बोनस गाडीबरोबर जात नाही, तो विकणाऱ्या माणसाबरोबर राहतो. जुन्या मालकाचा बोनस तसाच वापरून स्वस्तात पॉलिसी काढली की पहिल्याच क्लेमला ती अडकते.

एक गोष्ट आम्ही चाचांना त्या दिवशी सांगितली नाही, पण त्यांच्या घरी जाऊन खाला आणि पुतण्याच्या बायकोसमोर सांगितली, कारण तिचा संबंध त्यांच्याशीच होता. पुतण्या दर शनिवारी बायकोला मागे बसवून पेणला बाजाराला नेतो. त्यांच्याकडे नुसती थर्ड पार्टी पॉलिसी होती. २००६ च्या तिलक सिंग निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले आहे की अशा सक्तीच्या पॉलिसीत मागे बसलेला माणूस येत नाही. थर्ड पार्टी म्हणजे रस्त्यावरचा माणूस. आपल्या गाडीवर बसलेली बायको ही थर्ड पार्टी नाही. तिच्यासाठी पूर्ण पॅकेज पॉलिसी लागते, किंवा त्या पॉलिसीत मागे बसणाऱ्याचे वेगळे संरक्षण घ्यावे लागते. पॅकेज पॉलिसीत गाडीतली माणसे आणि मागे बसणारा धरला जातो, असे इर्डाने २००९ मध्येच कंपन्यांना कळवले आहे. हे ऐकून त्या मुलीने नवऱ्याकडे ज्या नजरेने पाहिले ते आम्ही इथे लिहीत नाही.

आणि स्वतः पुतण्या? त्याच्या जिवाचे काय? पॉलिसीत मालक-चालकाचा १५ लाखांचा अपघात विमा सक्तीचा असतो. पण नाव बघा: मालक-चालक. मालक कुवेतमध्ये आहे. पुतण्या चालक आहे, मालक नाही. त्याला काही झाले तर तो १५ लाखांचा रकाना त्याच्यासाठी नाही. बरे, न्यायाधिकरणात जाऊन भरपाई मागावी, तर चूक त्याची स्वतःचीच असेल तिथे तोही दरवाजा बंद होतो. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कर्नाटकातल्या एका प्रकरणात हेच कायम ठेवले. भरधाव आणि बेफिकिरीने गाडी चालवून चालक स्वतः गेला होता, गाडीवर ताबा त्याचाच होता, तेव्हा त्याच्या बायको-मुलांना आणि आई-वडिलांना विमा कंपनीकडून भरपाई मागता येत नाही, असे न्यायालय म्हणाले. उलट दिशेने गाडी आणल्याचे जे सातवे चलन होते, त्याची आम्हाला तेव्हा आठवण झाली. ते चलन गडबजवळचे होते.

बिरादरीत एक जुना वादही आहे, तो टाळून पुढे जाणे बरे दिसणार नाही. विमा म्हणजे सूद आणि जुगार, तो घेऊ नये, म्हणून काही घरांत थर्ड पार्टीही शेवटच्या दिवसापर्यंत लांबवतात, किंवा पोलीस दिसेपर्यंत काढतच नाहीत. विम्याबद्दल उलमांमध्ये मतभेद आहेत आणि फतवा देणे आमचे काम नाही. आपण आपल्या मुफ्तीसाहेबांना जरूर विचारावे. पण कायद्याने सक्तीच्या केलेल्या विम्याकडे बहुतेक उलमा सवलतीने पाहतात, हे ठाऊक असू द्या. १९९३ साली ब्रुनेईत भरलेल्या आठव्या अधिवेशनात जेद्दाच्या आंतरराष्ट्रीय इस्लामी फिकह अकादमीने वाहतूक अपघातांवर खास ठराव केला. शरीयतशी विरोध नसलेले वाहतुकीचे नियम पाळणे हे शरीयतनेच वाजिब आहे, असे त्यात म्हटले आहे, आणि झालेल्या नुकसानीची जबाबदारी चालकावर टाकली आहे. सूरह निसाच्या ९२ व्या आयतीत चुकून झालेल्या हत्येची दियत आणि कफ्फारा सांगितला आहे. जुन्या काळात ही दियत एकट्या माणसावर पडत नसे, त्याची आकिला म्हणजे नातलग मंडळी मिळून भरत. आज आपल्या मोहल्ल्यात कोणी ३२ लाख वर्गणीने गोळा करून देणार आहे का? समोरच्या घरातल्या यतीम मुलांचा हक्क आपल्या गाडीमुळे बुडाला तर तो हुकूकुल-इबादचा मामला आहे. आपली गाडी वाचवायला पैसा भरायचा की नाही, हा वाद चालू राहू दे. दुसऱ्याचा हक्क वाचवायला ७१४ रुपये भरण्यावर मात्र आम्हाला वाद घालावासा वाटत नाही.

विम्याशिवाय सापडल्यास पहिल्या वेळी २,००० रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, दुसऱ्या वेळी दंड ४,०००. हे दंड लोकांना माहीत आहेत. ज्याची माहिती फारशी नाही तो दुसरा दंड: अठरा वर्षांच्या आतल्या मुलाने अपघात केला किंवा गुन्हा केला तर पालक किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द, आणि त्या मुलाला पंचविशीपर्यंत लायसन नाही. ईदच्या दिवशी अब्बांची गाडी घेऊन वडखळला आइस्क्रीम खायला निघालेले चौदा वर्षांचे शहजादे आपण सगळ्यांनी पाहिले आहेत. काही तर आपलेच आहेत.

लग्नसराईतली एक गोष्टही इथेच सांगून टाकतो. सामानाच्या टेम्पोत वऱ्हाड भरून नेण्याची पद्धत अजून गेलेली नाही. मालवाहू गाडीत फुकट बसलेल्या माणसांची भरपाई विमा कंपनी देणे लागत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २००२ मध्येच आशा राणी प्रकरणात ठरवले आहे. खासगी इकोत पैसे घेऊन माणसे नेणाऱ्यांचेही तसेच. पॉलिसीवर खासगी वापर लिहिलेला असतो, आणि भाडे घेतले की त्या अटीचा भंग. एक दिलासा मात्र आहे. आमच्या भागात छोटे टेम्पो चालवणारी बरीच पोरे साध्या कारच्या लायसनवर चालवतात आणि क्लेमच्या वेळी त्यांना 'तुमचे लायसन कमर्शियल नाही' असे ऐकावे लागे. ६ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने निकाल दिला की ७,५०० किलोपर्यंतच्या वाहनाला हलक्या वाहनाचे लायसन चालते. त्या कारणावरून आता कंपनीला हात झटकता येणार नाहीत. रोह्याकडच्या एका टेम्पोवाल्याला आम्ही हे सांगितले तेव्हा त्याने आमच्याकडून भाडे घेतले नाही. अर्थात, आम्ही पुढे केबिनमध्येच बसलो होतो.

चाचांच्या घरी पुढे काय झाले, ते विचारणारे फोन येतील म्हणून लिहितो. सातही चलनं भरली. पुतण्याने आपल्या पगारातून भरली, चाचांनी हट्टाने तसेच करायला लावले. पॉलिसी आता पॅकेजची आहे, आणि महाट्रॅफिकच्या ॲपमध्ये गाडीचा नंबर टाकून चलन बघणे पुतण्याच्या बायकोला येऊ लागले आहे. दर शनिवारी बाजाराला निघण्याआधी ती ते बघते. बघून झाल्याशिवाय मागे बसत नाही, असे खाला सांगत होत्या. गाडी पुतण्याच्या नावावर करायचे ठरले आहे. फॉर्म २९ आणि ३० पेणच्या आरटीओ कार्यालयाबाहेरून आणून ठेवले आहेत. मुलाच्या सह्या तेवढ्या राहिल्या आहेत. त्याची सुट्टी ईदच्या आधी आठ दिवस मंजूर झाली आहे, आणि इन्शाअल्लाह आल्या दिवशी पहिले काम तेच करायचे असे चाचांनी त्याला फोनवर दोनदा बजावले आहे. तोवर मोटारसायकल अंगणात ताडपत्रीखाली उभी आहे आणि पुतण्या कंपनीच्या बसने कामाला जातो.